बेबीताईंचा गुरुवार

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात, एका गुरुवारी, बेबीनंदा सावंत शाळेत आल्या नाहीत. दुपारी ऑफिसातून निरोप आला. पहाटे त्यांच्या घरी त्यांचं हृदय बंद पडलं होतं. मी ग्रंथालयाचं दार लावलं आणि मुलांच्या खुर्च्या टेबलाखाली सरकवल्या.

हॅमिल्टनच्या उत्तर भागात, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची प्राथमिक शाळा आहे. मी तिथे ग्रंथपाल आहे. त्याआधी साताऱ्याला एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. बायकोला इथे नोकरी मिळाली आणि माझ्या वाट्याला ही चित्रांच्या पुस्तकांची खोली आली. सुरुवातीला मला ते कमीपणाचं वाटायचं. पुढे वाटेनासं झालं, आणि त्यात बेबीताईंचा वाटा मोठा आहे.

त्या स्पीच थेरपिस्ट होत्या. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, शब्द सापडत नाहीत, बोलताना अडखळायला होतं, अशा मुलांबरोबर शाळेतच काम करायचं, ही त्यांची नोकरी. एका शाळेची नोकरी नव्हे. आठवड्याचा प्रत्येक दिवस वेगळ्या शाळेत. आमच्या वाट्याला गुरुवार होता. अशा माणसांना कुठल्याच शाळेत स्वतःची खोली नसते. कुठे झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसायचं, कुठे खेळाचं सामान ठेवतात तिथे. २०१२ साली, मी लागलो त्याच वर्षी, त्या जागा शोधत ग्रंथालयात आल्या. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून सरळ मराठीत म्हणाल्या, "बरं झालं, आपला माणूस आहे. मला इथे एक..."

आणि थांबल्या. ओठ मिटलेले, गळ्याची शीर ताठ. नजर मात्र माझ्यावरून हलली नव्हती. मी मदतीला धावलो.

"बाक हवाय का?"

त्यांनी तळहात वर करून मला गप्प केलं. थोडा वेळ गेला. मग शब्द आला.

"बीळ. बीळ हवंय म्हणत होते. जिथे कोणी डोकावणार नाही. पण तुम्ही बाक म्हणता, तर तोही द्या."

स्पीच थेरपिस्ट असलेल्या बेबीताई स्वतः अडखळत बोलायच्या. लहानपणापासून. वेंगुर्ल्याच्या शाळेत, मुंबईच्या कॉलेजात, इथे मुलाखतीत, सगळीकडे. त्यांचं ते अडखळणं मी इथे अक्षरं तोडून लिहिणार नाही. कागदावर ते विनोदी दिसतं आणि प्रत्यक्षात ते तसं नव्हतं. त्यांची वाक्यं वाचताना मधे कुठे तरी थांबावं, इतकंच.

'ब' हे त्यांचं सगळ्यात अवघड अक्षर, आणि त्यांचं नाव बेबीनंदा. इथे तर बेबी म्हटलं की झालंच. नव्याने आलेले शिक्षक सौजन्याने विचारायचे, तुम्हाला नंदा म्हटलं तर चालेल का? त्या म्हणायच्या, नाही, बेबीनंदा. आणि ते पूर्ण म्हणायला लागेल तेवढा वेळ घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, नंदा काय वाईट आहे, सोपं पडेल. तर म्हणाल्या, "मास्तर, ज्याला माझं नाव ऐकून घ्यायला वेळ नाही, त्याला माझं पुढचंही ऐकायला वेळ नसतो. तो गाळ दारातच गाळला गेलेला बरा."

त्या मला मास्तर म्हणायच्या. मी त्यांना बेबीताई. इथल्या शाळांत बाईंना मुलं माओरी पद्धतीने फाएआ म्हणतात, म्हणून मुलांसाठी त्या फाएआ बेबी होत्या. नवीन मूल आलं की पहिलं काम ठरलेलं. छोट्या खुर्चीवर मुलासमोर बसायचं आणि सांगायचं, "माझं नाव बेबी आहे. हसायचं असेल तर हसून घे. मी थांबते." मूल आधी ओठ चावायचं, मग फिदीफिदी हसायचं. बेबीताई खरोखर थांबायच्या, मांडीवर हात ठेवून, बसथांब्यावर बसल्यासारख्या. हसू संपलं की विचारायच्या, "झालं? आता तुझं नाव."

मुलांबरोबर बसायच्या आधी त्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवायच्या. समोरच्या माणसाच्या हातात घड्याळ दिसलं की मूल घाई करतं, म्हणायच्या. बाकड्यावर, पुस्तकावर, कुठेही ठेवायला जागा होती. पण नजरेआड पाहिजे. जाताना ते घ्यायला त्या नेमाने विसरायच्या. मग पुढच्या गुरुवारपर्यंत ते माझ्या खणात खडू आणि डिंकाच्या कांड्यांबरोबर पडून असायचं. मी म्हटलं, आठवडाभर चालतं कसं तुमचं? म्हणाल्या, "बाकीच्या शाळांत भिंतीवर आहेत की."

काही शब्द ग्रंथालयातल्या त्यांच्या कोपऱ्यात बंद होते. 'हळू बोल', 'श्वास घे', 'घाबरू नको'. एकदा एका शिक्षिकेने मायेने एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून 'सावकाश, राजा' अशा अर्थाचं काही म्हटलं, तर बेबीताईंनी तिला बाहेर नेऊन सांगितलं, "तो सावकाशच बोलतोय. घाई तुला आहे." शिक्षिका आठवडाभर माझ्याशीही बोलली नाही. शाळेतली सगळी माणसं बेबीताईंवर खूश होती असं नाही. त्या कोरड्या वाटायच्या. मुलाला अवघड शब्द म्हणता आला तरी शाबासकी द्यायच्या नाहीत. त्याने काय सांगितलं त्याला उत्तर द्यायच्या. मुलगा म्हणाला, आमच्या कुत्र्याला पिल्लं झाली, की त्या विचारायच्या, किती पांढरी, किती काळी? बोलणं छान झालं, असं एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

एरवी त्यांना गप्पा आवडायच्या, विशेषतः माशांच्या. रॅग्लनच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्या लोकांशी त्यांनी ओळख काढली होती. इथली माणसं माशाचे तुकडे काढून डोकं फेकून देतात. बेबीताई ती डोकी मागून आणायच्या आणि तिरफळं घालून आमटी करायच्या. गाडीच्या डिकीत एका बाजूला बाहुल्या, ठोकळे, फुगे; दुसऱ्या बाजूला थंड पेटी. "डोकं फेकतात," म्हणायच्या, "आणि मला पगार देतात तो मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते शोधायचा."

कल्याणी निकम आमच्याकडे आली २०१५ साली. म्हणजे ती शाळेत होतीच. बेबीताईंच्या कोपऱ्यात आली तेव्हा. हजेरीत नाव कल्याणी, पण शाळेत सगळे तिला ॲनी म्हणत. हुशार, भरभर वाचणारी, वर्गात हात वर न करणारी. शिक्षिकेला नुसतं लाजाळूपण वाटलं नाही, म्हणून तिने तिला बेबीताईंकडे पाठवलं. बेबीताईंनी आईवडलांना बोलावलं आणि मलाही बसायला सांगितलं, कारण कल्याणीच्या आईने फोनवर 'ते लायब्ररीतले काका असतील ना?' असं विचारलं होतं.

वडील महेश निकम, मूळचे कऱ्हाडचे, पावडरच्या कारखान्यात इंजिनियर. आई वर्षा, बँकेत. दोघं मुलांच्या खुर्च्यांवर बसले. महेशरावांचे गुडघे छातीशी आले होते. बोलताना ते हात हवेत गोल गोल फिरवायचे, समोरच्याने लवकर मुद्द्यावर यावं म्हणून करतात तसं.

"नाव तिनेच बदललं," ते म्हणाले. "शाळेच्या पहिल्या दिवशी. घ्यायला गेलो तर टीचर म्हणते, ॲनीचा डे फार छान गेला. मी म्हटलं, कोण ॲनी? मनाला लागलं, खरं सांगतो. माझ्या आजीचं नाव आहे ते. पण म्हटलं जाऊ दे. इथल्या पोरांना आपल्या नावांची लाज वाटते, सगळ्यांच्या घरी तेच आहे."

"आणि मराठी कळतं सगळं," वर्षा म्हणाली, "पण उत्तर इंग्लिशमध्ये. तेही सगळ्यांकडे आहेच. प्रश्न तर ढिगाने विचारते. व्हॉट, व्हेअर, व्हाय. मराठीत एक विचारेल तर शपथ."

बेबीताई काही वेळ बोलल्या नाहीत. नेहमीचं अडखळणं होतं की मुद्दाम घेतलेला वेळ, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "लाज नाही वाटत तिला. 'क' म्हणायला गेली की तिचा गळा बंद होतो. पहिल्या दिवशी कोणी तरी नाव विचारलं असेल. तिने जिवाच्या आकांताने क काढायचा प्रयत्न केला असेल. शेवटी त्या नावातलं जे बाहेर आलं, त्याला बाईंनी ॲनी म्हटलं. तिची सुटका झाली. तेव्हापासून ती क वाटेत येईल तिथे रस्ता बदलते. मराठीत क न लावता एखादा प्रश्न विचारून बघा."

वर्षाचे ओठ हलले. ती मनातल्या मनात म्हणून बघत होती. काय, कुठे, कधी, कोण, का. मग तिने मान खाली घातली आणि पर्सची चेन उघडझाप करत राहिली. महेशरावांचा हात हवेत थांबला होता.

जाताना त्यांनी मला दाराबाहेर गाठलं. "सर, राग मानू नका. बाई चांगल्या आहेत. पण त्यांनाच बोलता येत नाही हो. पोहायला शिकवणाराच बुडताना दिसला, तर आपण पोरगी पाण्यात सोडू का?"

ग्रंथालयाचं दार काचेचं आणि पातळ आहे. मी आत गेलो तेव्हा बेबीताई ठोकळे गोळा करत होत्या. "चुकीचं नाही बोलला तो," म्हणाल्या. "फक्त मी बुडत नाहीये, मास्तर. मी भिजलेली आहे."

कल्याणी येत राहिली. आईच्या हट्टामुळे. वडील वाट बघत होते अडखळणं कधी जाईल याची, आणि बेबीताईंनी त्यांना तसं वचन कधी दिलं नाही. त्या म्हणायच्या, कमी होईल, कदाचित नाहीही होणार. मला ते बघायचं नाही. तिला जे म्हणायचंय ते ती म्हणते की जे जमतं ते म्हणते, एवढंच मी बघते.

त्या वर्षीच्या गणपतीत, कम्युनिटी हॉलमध्ये, आरतीला कल्याणी आईशेजारी उभी होती. टाळ वाजवत, एकही शब्द न अडता, मोठ्याने म्हणत होती. माझ्या पलीकडे बेबीताई. त्यांचाही आवाज खणखणीत, तोही न अडता. आरती संपल्यावर प्रसादाच्या रांगेत एक वयस्कर बाई वर्षाला म्हणाल्या, "अगं बघितलंस? आरतीत कसं घडाघडा येतं. म्हणजे येतंय तिला. लाडाने करते. जरा दटाव."

वर्षा गोंधळली. तिला ते कुठे तरी पटलंही असावं. बेबीताई मागेच होत्या. हातातल्या द्रोणात मोदक होता. "मावशी," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. त्या मावशींनी चुळबुळ करत चेहरा सहानुभूतीचा केला. "आरतीत सगळे बरोबर असतात. बोलताना माणूस एकटा असतो. मलाही आरतीत येतं. मी काय साठ वर्षं लाड करून घेतेय?"

त्यानंतर त्या मोदक खायला कोपऱ्यात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने कल्याणी त्यांच्याजवळ जाऊन बसलेली दिसली.

गुरुवारी दुपारी कधी कधी त्या कल्याणीला शाळेजवळच्या डेअरीत न्यायच्या. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दूध, पाव, गोळ्या सगळं मिळतं. शाळेचा नियम असा की बाहेर जाताना दुसरं मोठं माणूस सोबत हवं, म्हणून मीही जायचो. पहिल्या वेळेला बेबीताईंनी कल्याणीला दारात उभं केलं आणि स्वतः काउंटरवर गेल्या. दुकानदार गुजराती गृहस्थ, मागे रांग. बेबीताई ब्रेड मागू लागल्या आणि त्या शब्दावर अशा अडल्या, की मी त्यांना इतकं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा, आणि पुन्हा. रांगेतल्या एका तरुणाने मान वळवली. दुकानदाराने घाईघाईने ब्रेड पुढे केला. बेबीताईंनी तो हातात घेतला नाही. शब्द पूर्ण केला, मग घेतला, थँक यू म्हणाल्या आणि शांतपणे बाहेर आल्या.

बाहेर येऊन त्यांनी कल्याणीला इंग्रजीत विचारलं, "काय झालं?"

"दे लुक्ड ॲट यू."

"आणि?"

कल्याणीने त्यांच्या हातातल्या ब्रेडकडे पाहिलं. "नथिंग. यू गॉट द ब्रेड."

नंतर मला म्हणाल्या, "अर्धं मुद्दाम होतं. तिला दाखवायचं होतं की आभाळ कोसळत नाही." मी विचारलं, आणि उरलेलं अर्धं? त्या हसल्या. "तिथे दुकान भरलेलं होतं, मास्तर. माझाही गळा आहेच की."

पुढच्या वेळांना कल्याणी काउंटरवर जाऊ लागली. आधी तिने म्हणायला सोपं असेल तेच मागितलं. मग एका गुरुवारी तिने कोक मागितलं. तिला कोक आवडत नाही. बाहेर येऊन तिने ती बाटली माझ्या हातात दिली.

२०१७ साल संपत आलं तेव्हा कल्याणी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. निरोपाच्या सभेत त्या वर्गातलं प्रत्येक मूल मंचावर येऊन माओरीत आपली ओळख सांगतं. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपली माणसं, सगळ्यात शेवटी आपलं नाव. ही इथली रीत आहे आणि चांगली रीत आहे. आधी जमीन, मग आपण. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'को' ने सुरू होतं. कल्याणीची नदी होती कृष्णा. आणि शेवटी नाव. तिने बेबीताईंना सांगितलं होतं की ती ॲनी म्हणणार नाही.

महेशराव आदल्या गुरुवारी येऊन गेले. "तिला त्यातून सोडवता येणार नाही का? किंवा निदान नदी बदलू या. वाइकाटो म्हणू दे, इथलीच आहे. सगळ्यांपुढे तिचं हसं व्हायला नको."

"मी तिला विचारलं," बेबीताई म्हणाल्या. "ती कृष्णा म्हणतेय. तुम्हीच सांगितलीत ना तिला?"

हॉल भरलेला होता. पालक मागे, मुलं पुढे जमिनीवर. कल्याणी मंचावर आली. सह्याद्री म्हणाली, 'को' ला वेळ लागला, पण निघाला. कृष्णेला अधिक वेळ लागला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. ती मुलं तिच्याबरोबर वर्षानुवर्षं होती, त्यांना ठाऊक होतं. मग शेवटचं वाक्य. को. त्यापुढे ती थांबली. डोळे उघडे होते, खांदे वर. बेबीताई भिंतीशी उभ्या होत्या, हात मागे बांधून. वेळ जात राहिला. खरं म्हणजे फार नसेल, पण हॉलमध्ये तो फार वाटला.

मागच्या ओळीतून महेशराव उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "कल्याणी!"

ते रागावून म्हणाले नव्हते. बाप पोरीला पडताना सावरतो तसं म्हणाले होते. लोकांना वाटलं ते तिला प्रोत्साहन देतायत. कुणी तरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी. त्या टाळ्यांत कल्याणी खाली उतरली. तिचं नाव तिच्या तोंडून आलंच नाही.

मैदानात, झाडाखाली, महेशराव बेबीताईंपाशी आले. त्यांचे डोळे लाल होते. "मला बघवलं नाही हो, ताई."

बेबीताईंना उत्तर द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "तुम्हाला बघवलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला उभं राहवत होतं."

मला वाटलं आता हे लोक पुन्हा येणार नाहीत. कल्याणी दुसऱ्या शाळेत जाणार होती, तसं कारणही होतं. पण नव्या वर्षाच्या एका गुरुवारी, शाळा सुटल्यावर, महेशराव एकटेच आले आणि त्या छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून बसले. "मला शिकवा," म्हणाले. बेबीताईंनी घड्याळ काढून माझ्या खणात ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसल्या.

काय शिकवलं ते मी टेबलावरून पाहिलं. त्यांनी कारखान्याबद्दल प्रश्न विचारले नाहीत, पोरीबद्दलही नाही. वेंगुर्ल्याच्या बाजाराची एक लांबलचक गोष्ट सांगायला घेतली, आणि जिथे शब्द अडेल तिथे महेशरावांनी तो पुरवायचा नाही, एवढंच. महेशरावांचा हात वर यायचा, हवेत फिरायचा. शेवटी बेबीताई म्हणाल्या, "दोन्ही हात मांडीखाली घ्या. दाबून बसा. घरीही असंच." ते बसले. सुरमईचा शब्द येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला. ते किती तरी गुरुवार आले. मी पुस्तकांना कव्हरं घालत बसायचो आणि वेंगुर्ल्याचा बाजार मला पाठ झाला.

शेवटचा गुरुवार, त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातला. सकाळी नदीकडून धुकं आलं होतं आणि दुपारपर्यंत मैदानाच्या कडेला रेंगाळत होतं. बेबीताई नेहमीसारख्या आल्या, बसल्या, तीनला निघाल्या. खण उघडला तर घड्याळ तिथेच. का कोण जाणे, त्या दिवशी मी ते घेऊन मागे धावलो.

मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत, फाटकाजवळ, बेबीताईंची गाडी उभी होती, काच खाली. खिडकीशी पहिलीतला एक छोटा मुलगा त्यांना काही सांगत होता. त्याचा दात पडला होता, आणि तो कुठे पडला हे त्याला सांगायचं होतं, आणि तो शब्द काही येत नव्हता. पुढची गाडी निघून गेली. मागे बऱ्याच गाड्या खोळंबल्या. बेबीताई स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होत्या, जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या. मी घड्याळ हातात धरून दूरच थांबलो. मधे जाणं बरोबर दिसलं नसतं. मुलाचं बोलून झालं. बेबीताईंनी त्याला काही विचारलं, त्याने मान हलवली. मग त्या निघाल्या. मला पाहून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मनगट दाखवलं, आणि राहू दे, अशी खूण केली. गाडी धुक्यात वळली.

अंत्यविधी इथल्या पद्धतीने, क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये झाला. ऑकलंडहून त्यांची भाची आली होती. ती बोलली, शाळांतल्या सहकाऱ्यांनी माओरीत गाणं म्हटलं. मग विधी चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? आपल्या लोकांना मयताला माइकवर बोलायची सवय नाही. आम्ही सगळे खाली बघत राहिलो.

कल्याणी उठली. आता ती उंच झाली होती, दुसऱ्या शाळेच्या गणवेशात. माइकपाशी गेली. शवपेटीवर कुणी तरी अबोलीचा गजरा ठेवला होता. ही फुलं इथे कुठे मिळाली असतील, असं माझ्या मनात आलं. ती म्हणाली, "को." आणि थांबली.

मी मागे वळून पाहिलं. महेशराव कडेच्या खुर्चीवर होते. दोन्ही हात मांडीखाली. ताठ बसले होते, जबडा घट्ट मिटून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. वर्षाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही हलली नाही. हॉलमध्ये सगळ्यांना कळलं असावं की इथे काही करायचं नाही. कुणी खोकलं नाही. बाहेर एक गाडी आली, दार लागलं.

"को कल्याणी तोकु इंगोआ," ती म्हणाली. माझं नाव कल्याणी आहे. मग इंग्रजीत म्हणाली, "फाएआ बेबी माझी वाट बघायची." एवढंच. तेवढ्यातही ती दोनदा अडली. ती जागेवर जाऊन बसली, तेव्हा महेशरावांनी हात बाहेर काढले आणि बराच वेळ बोटं चोळत राहिले.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत तिने मला कधी हाक मारली नव्हती. समोर येऊन उभी राहायची आणि मी विचारायचो. या वेळी मी विचारलं नाही. चहाचा कप धरून उभा राहिलो. तिचा गळा अडला, सुटला, पुन्हा अडला.

"काका," ती म्हणाली, "ताईंचं घड्याळ कुठाय?"

भाचीला विचारून मी ते तिला दिलं.

नवीन थेरपिस्ट अजून नेमलेली नाही. गुरुवारी कोपऱ्यातल्या त्या दोन छोट्या खुर्च्यांवर मुलं पुस्तकं ठेवतात. घड्याळ कल्याणीकडे आहे. तिला नाव विचारलं की ती कल्याणी सांगते. त्याला वेळ लागतो.